टॅपेटची फट: आवाज बंद करू नका, फट मोजा

"भाऊ, गाडी लय कटकट करून रायली, टॅपेट टाइट करून द्या." तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजसमोर थोडा वेळ उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतंच. मिस्त्रीच्या हाताला कामं भरपूर असतात आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं. चालवत आणलेल्या गरम गाडीचीच टॅपेट कॅप उघडली जाते, अंदाजाने बोल्ट फिरवला जातो, आवाज बंद होतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. काही महिन्यांनी तीच गाडी कुरकुर करायला लागते. सकाळी थंडीत एका किकमध्ये सुरू होते, पण गरम झाल्यावर चहाला थांबलात की पुन्हा उचलत नाही. चढावर दम टाकते, स्लोवर उभी राहत नाही. हेड म्हणजे इंजिनाचं डोकं उघडलं की एक्झॉस्ट वाल्वची कड जळून गेलेली दिसते.

टॅपेट म्हणजे इंजिनाचा वाल्व दाबणारा छोटा बोल्ट. ढिलं टॅपेट आवाज करतं आणि हळूहळू भाग झिजवतं. जास्त टाइट केलेलं टॅपेट गुपचूप वाल्व जाळतं. नवशिक्याने आधी एवढं पक्कं समजून घ्यावं, बाकी सगळं हाताला सवय झाली की जमतं. आपल्याकडे गाडी म्हणजे शेतावर, दूध डेअरीवर आणि बाजाराला जाण्याचं रोजचं साधन आहे. हेडचं काम निघालं की ऐन पेरणीत गाडी गॅरेजमध्ये पडून राहते. म्हणून हे काम मी मनापासून शिकवतो.

फट कशासाठी ठेवलेली असते

इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येण्यासाठी इनलेट वाल्व असतो आणि जळालेला वायू बाहेर जाण्यासाठी एक्झॉस्ट वाल्व. कॅम म्हणजे उंचवटा असलेला दांडा फिरतो, रॉकरला म्हणजे वरखाली झुलणाऱ्या छोट्या हाताला ढकलतो, रॉकर वाल्वच्या दांडीला दाबतो आणि वाल्व उघडतो. स्प्रिंग त्याला परत बंद करते. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांत प्रत्येक वाल्व एकदा उघडतो. म्हणजे इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक वाल्व त्या एका मिनिटात २,५०० वेळा उघडतो आणि तितक्याच वेळा सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या गोल बैठकीवर, येऊन बसतो.

रॉकरच्या टोकाला एक छोटा बोल्ट असतो आणि त्यावर तो जागेवर पक्का धरणारा चेक नट. या बोल्टचं टोक आणि वाल्वच्या दांडीचं टोक यांच्यात, वाल्व पूर्ण बंद असताना, केसासारखी बारीक फट ठेवलेली असते. तीच टॅपेटची फट. इंजिन तापलं की वाल्वची दांडी लांबते, हेडही फुगतं, आणि फट बदलते. आधीच जागा ठेवली नसेल तर गरम इंजिनात रॉकर वाल्वला सतत थोडा दाबून धरतो आणि वाल्व सीटवर नीट टेकत नाही.

नेमकं इथेच नुकसान होतं. एक्झॉस्ट वाल्वच्या अंगावरून जळता वायू जात असतो. त्या वाल्वची बरीचशी उष्णता तो सीटवर टेकलेला असतानाच बाहेर पडते: वाल्वमधून सीटमध्ये, सीटमधून हेडमध्ये, हेडच्या पट्ट्यांतून वाऱ्यावर. टेकायलाच मिळालं नाही तर उष्णता जाईल कुठे? शिवाय उरलेल्या बारीक फटीतून प्रत्येक स्फोटाच्या वेळी आगीचा झोत कडेवरून निसटतो आणि कड खात जातो. इनलेट वाल्वला निदान ताज्या थंड मिश्रणाचा आधार असतो, एक्झॉस्टला तोही नाही. म्हणून बऱ्याच गाड्यांत कंपनी एक्झॉस्टला इनलेटपेक्षा जास्त फट सांगते.

लोकांना वाटतं, फट वापराने वाढतच जाते. तसं नाही. रॉकर, कॅम, बोल्टचं टोक झिजलं तर फट वाढते आणि कटकट ऐकू येते. पण वाल्व सीटवर आपटून आपटून सीटमध्ये आत बसत जातो, तेव्हा त्याची दांडी वर सरकते आणि फट कमी होते. अशा वेळी कुठलाच आवाज येत नाही, उलट इंजिन जास्तच गुळगुळीत वाटतं. म्हणून गाडी आवाज करत नसली तरी फट मोजायची.

कोणत्या गाड्यांना हे लागू पडतं

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि १९९४ साली स्प्लेंडर. त्याच घराण्याचं ९७.२ सीसीचं इंजिन आज आपल्या गावोगावी आहे. एचएफ डिलक्स, पॅशन, प्लॅटिना, सीटी १००, शाइन या सगळ्या बोल्ट-चेकनटवाल्या गाड्या. त्यांचं काम घरी होतं. केटीएमच्या ड्यूकसारख्या गाडीत फट मोजता येते, पण बदलायला नेमक्या जाडीच्या शिम चकत्या लागतात, ते नवशिक्याचं काम नव्हे. रॉयल एनफिल्डच्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनात हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे टॅपेट आहेत, तिथे फट लावायचीच नसते.

फट किती, हे मात्र मित्राला विचारून ठरवू नका. लहान गाड्यांमध्ये हा आकडा साधारण ०.०५ ते ०.१५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, पण मॉडेल बदललं, साल बदललं की आकडा बदलतो. एकाच नावाच्या दोन गाड्यांतही फरक निघू शकतो. गाडीसोबत आलेलं मॅन्युअल कपाटात असेल तर काढा. नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलचं आणि सालाचं बघा. इनलेट आणि एक्झॉस्टचे आकडे वेगळे असतील तर दोन्ही हातावर लिहून ठेवा, कारण तेलकट हाताने मोबाइल उघडून परत बघायचा कंटाळा येतो आणि मग माणूस अंदाज लावतो.

इंजिन थंड म्हणजे किती थंड

मॅन्युअलमधला आकडा थंड इंजिनाचा असतो. होंडाच्या जातीच्या मॅन्युअलमध्ये ३५ अंश सेल्सिअसच्या खाली असं स्पष्ट दिलेलं असतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातात. दुपारी सावलीत उभ्या असलेल्या, सकाळपासून न चालवलेल्या गाडीचं इंजिनही ३५ च्या वरच असतं. टिनाच्या शेडखाली असेल तर विचारूच नका.

म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटेच करायचं. गाडी आदल्या रात्री उघड्या अंगणात लावा, सकाळी उजाडताच, ऊन पडायच्या आत कामाला बसा. रात्रभर थंड झालेलं इंजिन हाताला गार लागलं पाहिजे. सकाळी दूध घालून आलात आणि तासभर थांबलात, एवढ्याने भागत नाही. वरून पट्ट्या थंड वाटतात, आतला धातू गरम असतो. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात वेळेची अडचण नाही, फक्त रात्रभर गाडी बंद हवी.

हत्यारं

सगळ्यात महत्त्वाचं हत्यार फिलर गेज. पातळ पोलादी पत्त्यांचा जुडगा असतो, प्रत्येक पत्तीवर तिची जाडी कोरलेली. ऑटो पार्टच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि फार महाग नसतो. घेताना दुकानातच उघडून बघा की तुमच्या गाडीला लागणारी पत्ती त्यात आहे, आणि तिच्या वरची-खालचीही आहे. कित्येक जुडग्यांची सुरुवातच ०.०५ पासून होते. ट्रॅक्टरवाल्यांकडचा जुडगा मागून आणाल तर त्यातल्या पातळ पत्त्या बहुधा चुरगळलेल्या असतात. चुरगळलेली पत्ती फेकून द्या, ती खोटं माप देते.

बाकी: टॅपेट कॅप उघडायला पाना (स्प्लेंडरच्या घराण्यात १७ चा), चेक नटसाठी रिंग पाना (गाडीप्रमाणे ८, ९ किंवा १०), बोल्ट धरायला टॅपेट चावी किंवा छोटा स्क्रू ड्रायव्हर, कारण बोल्टचं डोकं कुठे चौकोनी असतं, कुठे खाचेचं. प्लग पाना. मॅग्नेटचा नट फिरवायला गोटी पाना. स्वच्छ सुती फडकं, जुना ब्रश, टॉर्च. चेक नटला फिक्स पाना लावू नका. छोट्या नटाच्या कडा एकदा गोल झाल्या की पुढचं काम अवघड होतं. पक्कड तर जवळसुद्धा आणू नका.

जमलं तर टॅपेट कॅपच्या नव्या ओ-रिंग आधीच आणून ठेवा. जुन्या रिंग उष्णतेने कडक, चपट्या झालेल्या असतात आणि बसवल्यावर तेल झिरपतं.

उघडण्याआधी साफसफाई

या कामात घाई होते ती इथे. स्प्लेंडरच्या इंजिनाचं सिलेंडर जवळपास आडवं, पुढच्या चाकाच्या मागेच असतं. काळ्या मातीच्या रस्त्याने महिनाभर गाडी चालली की हेडच्या पट्ट्यांमध्ये चिखल बसून विटेसारखा वाळतो. कॅप उघडताना त्याचा खडा आत पडला तर तो तेलासोबत फिरणार. आधी ब्रशने कॅपच्या भोवतीची माती झाडा, मग फडक्याने पुसा, प्लगच्या खळग्यातही फुंकर मारा. पट्ट्यांमधली मातीही याच वेळी काढा. तिथे वारा लागला नाही तर हेड तापतं, आणि तापलेल्या हेडमध्ये एक्झॉस्ट वाल्वचे हाल आणखी वाढतात.

गाडी सपाट जमिनीवर डबल स्टँडवर लावा, न्यूट्रल करा, चावी काढून खिशात ठेवा. प्लग काढा. प्लग काढला की कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने आत दाबलेल्या हवेचा जोर, राहत नाही आणि इंजिन हाताने अलगद, हवं तिथे थांबवत फिरवता येतं. प्लगच्या भोकावर फडकं ठेवा.

आता दोन्ही टॅपेट कॅप. आडव्या इंजिनात वरची इनलेटची, खालची एक्झॉस्टची. उभ्या इंजिनात कार्बोरेटरच्या बाजूला इनलेट, सायलेन्सरच्या पाइपाच्या बाजूला एक्झॉस्ट. नाव विसरलात तरी पाइप बघून ओळखता येतं. खालची कॅप उघडताच थोडं तेल गळतं, खाली जुना डबा किंवा वर्तमानपत्र ठेवा. हे तेल बेंड पाइपावर पडतं, नंतर गाडी सुरू केली की त्यातून धूर निघतो. घाबरू नका, तेल जळलं की तो थांबतो.

टी मार्क जुळवणं

फट मोजायची ती दोन्ही वाल्व पूर्ण बंद असताना, म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या शेवटी सगळ्यात वर असताना. ती जागा सांगणारी खूण मॅग्नेटवर, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या चाकावर असते: इंग्रजी टी अक्षर आणि शेजारी रेघ. बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवर दोन झाकणं असतात, मधलं मोठं आणि वरचं छोटं. रुंद स्क्रू ड्रायव्हरने किंवा जाड नाण्याने ती उघडा. मोठ्यातून गोटी पाना आत जाऊन क्रँकच्या नटावर बसतो, छोट्यातून खूण दिसते.

डाव्या बाजूने बघताना इंजिन घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवा. चाक पुढे जाताना डावीकडून ज्या दिशेने फिरतं, तीच ही दिशा. गोटी पाना नसेल तर गाडी टॉप गिअरला टाका आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवा, इंजिनही फिरतं. फिरवताना छिद्रात आधी एफ अक्षर येईल. ती प्लगच्या ठिणगीची खूण आहे, तिथे थांबायचं नाही. तिच्या पाठोपाठ टी येतो. टी ची रेघ कव्हरवरच्या खाचेसमोर आणून थांबा. पुढे निघून गेली तर मागे ओढू नका. उलट फिरवल्याने टायमिंग चेनची, म्हणजे कॅम फिरवणाऱ्या साखळीची, ढील दुसऱ्या बाजूला जाते. सरळ दोन फेरे पुढे फिरवून पुन्हा आणा.

आता नवशिक्यांची हमखास फसगत. टी मार्क दर फेऱ्याला एकदा येतो, पण कॉम्प्रेशन दोन फेऱ्यांत एकदाच. दुसऱ्या वेळी टी येतो तेव्हा एक्झॉस्ट बंद होत असतो आणि इनलेट उघडायला लागलेला असतो. तेव्हा रॉकर दाबलेले असतात आणि फट शून्य वाटते. नवीन माणूस घाबरून बोल्ट ढिला करत सुटतो आणि सगळी सेटिंग बिघडवतो.

ओळखायची खूण सोपी आहे. टी जुळल्यावर दोन्ही रॉकर बोटांनी धरून हलवून बघा. दोन्ही किंचित, अगदी नावाला, टिक-टिक हलले की जागा बरोबर. एखादा गच्च असेल तर पूर्ण एक फेरा फिरवून पुन्हा टी आणा. पक्की खात्री हवी असेल तर फिरवताना इनलेट वाल्वकडे बघत राहा: तो आत दाबला जातो, मग परत वर येतो, आणि त्यानंतर लगेच येणारा टी हा कॉम्प्रेशनचा. त्या वेळी प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला तर हवा अंगठा ढकलते. दोन्ही टी ला एखादा रॉकर गच्चच राहत असेल, तर तिथे फट उरलेलीच नाही असं समजा. तुमची गाडी बहुधा तशीच चालत होती.

मोजणं

आधी फक्त मोजा. काही फिरवू नका. वहीत तारीख, किलोमीटर, इनलेट किती, एक्झॉस्ट किती एवढं लिहा. ही नोंद किती कामाची आहे ते पुढे सांगतो.

पत्ती फडक्याने पुसा, तेलाचं बोट लावा. बोल्टचं टोक आणि वाल्वची दांडी यांच्यामध्ये ती सरळ, सपाट सरकवा. कॅपचं भोक लहान असल्याने पत्ती वाकवून घालावी लागते, पण फटीत शिरणारा तिचा शेवटचा भाग सपाट असला पाहिजे. तिरकी गेली तर अडकते, आणि फट असूनही ती नाही असं वाटतं. पातळ पत्ती ढकलून जात नसेल तर जोर लावू नका, दुमडेल. रॉकर बोटाने वर उचलून धरा, मग घाला.

बरोबर फटीत पत्ती हलका अडसर देत सरकते. जाड पुस्तकाच्या पानांत दाबून ठेवलेली नोट ओढून काढताना हाताला जसं लागतं, तसं. सुरुवातीला हाताला ही ओळख नसते, म्हणून दोन पत्त्यांनी तपासा. मॅन्युअल ०.०८ सांगत असेल तर ०.०८ ची गेली पाहिजे आणि ०.१० ची जाता कामा नये. जुडग्यात नेमकी पत्ती नसेल तर दोन पातळ पत्त्या एकत्र करता येतात, ०.०३ आणि ०.०४ मिळून ०.०७. दोघींच्या मध्ये कचरा नको.

एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. टॉर्च मारून बोल्टचं टोक बघा. जुन्या गाडीत वाल्वच्या दांडीने आपटून आपटून त्या टोकात गोल खड्डा पाडलेला असतो, वाटीसारखा चकाकतो. सपाट पत्ती या खड्ड्यावरून पूल टाकल्यासारखी जाते, आत शिरत नाही. पत्ती सांगते ०.०८, खरी फट त्याहून बरीच मोठी. "सेटिंग अगदी बरोबर आहे तरी आवाज जात नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. अशा वेळी बोल्ट आणि नट नवे टाका. स्वस्त भाग आहे, तासायच्या भानगडीत पडू नका.

लावणं

माप बरोबर आलं तर हात लावू नका, कॅप बंद करा. बरोबर असलेली फट "उघडलंच आहे तर" म्हणून फिरवणं यात शहाणपण नाही.

चुकीचं असेल तर बोल्ट टॅपेट चावीने धरून चेक नट रिंग पान्याने अर्धा फेरा ढिला करा. बोल्ट घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवला की फट कमी होते, उलट फिरवला की वाढते. किती फिरवायचं याचा अंदाज आधी डोक्यात ठेवा. या बोल्टच्या आट्यांची चाल, म्हणजे एका फेऱ्यात बोल्ट सरकतो ते अंतर, साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर असते, म्हणजे ०.०५ मिलिमीटर बदलायला एक दशांश फेरासुद्धा फार होतो. मनगट जरासं वळलं की काम झालं. पत्ती फटीत ठेवूनच बोल्ट हलके टेकवा, पत्ती हलका अडसर देत सरकेपर्यंत.

आता नट आवळायचा, आणि इथेच पुन्हा पुन्हा करावं लागतं. नट आवळताना बोल्ट त्याच्याबरोबर फिरतो आणि फट कमी होते. बोल्ट घट्ट धरून ठेवला तरी आट्यांतली ढील निघून फट किंचित बदलते. म्हणून एका हाताने बोल्ट अचल धरा, दुसऱ्याने नट आवळा, आणि आवळून झाल्यावर पुन्हा मोजा. आवळण्याआधीचं माप धरायचं नाही. बदललं असेल तर ढिला करा, जरा जास्त फट ठेवून पुन्हा आवळा. दोन-तीन प्रयत्नांत हाताला कळतं की या गाडीत नट आवळल्यावर फट कुठे सरकते. नट मनगटाच्या जोराने आवळा, लांब पान्यावर अंगाचा भार टाकू नका. छोटे आटे आहेत. पण ढिला मात्र राहू देऊ नका, चालत्या इंजिनात सुटला तर आत तुकडे होतील.

माप अगदी नेमकं जमत नसेल तर कणभर जास्त फट चालेल, कणभर कमी चालणार नाही. एक्झॉस्टच्या बाबतीत हे दुप्पट खरं.

दोन्ही झाले की इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवा, पुन्हा कॉम्प्रेशनच्या टी वर आणा आणि परत मोजा. तेच माप आलं तर सेटिंग पक्की.

बंद करणं आणि सुरू करणं

ओ-रिंग तेल लावून बसवा, कॅप आधी बोटांनी आट्यात धरवा, मग पान्याने बेताने आवळा. हेड अॅल्युमिनियमचं असतं, आट्यात कॅप तिरकी धरली किंवा जोर लावला तर आटे जातात आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो. ओ-रिंग चांगली असेल तर कॅपला बॉन्ड (गळती थांबवणारा चिकट लेप) चोपडायची गरज नसते. चोपडलेल्या बॉन्डचा सुटलेला लगदा तेलाच्या वाटेत अडकू शकतो. प्लगही आधी हातानेच. मॅग्नेट कव्हरची दोन्ही झाकणं लावायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत जाईल. गाडी टॉप गिअरला टाकली होती ना? न्यूट्रल करा. तेलाची पातळी बघा, गळलं तेवढं भरा.

गाडी सुरू करून स्लोवर उभी ठेवा आणि ऐका. डोक्यातून बारीक, एकसारखी टिकटिक आली तर ती बरोबर आहे. बोल्ट-चेकनटवाल्या इंजिनात फट आहे म्हणजे थोडा आवाज असणारच. शेजारी म्हणेल, "अजून वाजते ना गाडी." त्याला सांगा, वाजू द्या.

फट मोजून बरोबर असूनही मोठी खटखट येत असेल तर टॅपेटला दोष देणं थांबवा. डाव्या बाजूने साखळी घासल्यासारखी खरखर येत असेल तर टायमिंग चेन किंवा तिचा ताण धरणारा टेन्शनर. तेल कमी किंवा जुनं, पाण्यासारखं झालं असेल तर सगळंच डोकं वाजतं, आधी ते बदला. कॅमच्या पृष्ठभागावर खड्डे पडले असतील, रॉकरची पिन सैल झाली असेल, तर फट लावून आवाज जाणार नाही. टाइट करून तो जबरदस्तीने दाबता येतो, आणि वाल्व जळण्याची सुरुवात तिथूनच होते.

वहीतली नोंद

पहिल्या मापाला फारसा अर्थ नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ती वही बोलायला लागते. मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरच्या अंतराने मोजत राहा. मागे बसून दोघं-तिघं, वर खताची बॅग, मुरमाचा चढ असा वापर असेल तर थोडं आधीच मोजा. एअर फिल्टर फाटलेला असेल तर तो आधी बदला, कारण रस्त्याची धूळ आत जाऊन वाल्व आणि सीट घासते.

एक-दोन वेळा लावल्यावर फट जागच्या जागी राहत असेल तर इंजिन तंदुरुस्त आहे. दर वेळी थोडी वाढलेली सापडत असेल तर वरचे भाग झिजतायत, त्याची घाई नाही. पण एक्झॉस्टची फट दर वेळी कमी झालेली सापडत असेल, आणि आधीपेक्षा जास्त वेगाने, तर वाल्व सीटमध्ये बसत चाललाय. बोल्ट ढिला करून काही दिवस निघतील, पण हेडचं काम ठरवून ठेवा. कापूस निघाला, हंगाम संपला की करून घ्या. वाल्व घासून, सीट नीट करून भागतं तोवर खर्च थोडा. कड जळाल्यावर वाल्व, गाइड आणि कधी कधी हेडही बदलावं लागतं.

घरी करायची हिंमत होत नसेल आणि गॅरेजलाच द्यायचं असेल, तर गाडी संध्याकाळी नेऊन ठेवा आणि सकाळी पहिलंच काम म्हणून करायला सांगा. "टॅपेट टाइट करा" म्हणू नका, "टॅपेटची फट फिलर गेजने मोजा, इनलेट इतकी, एक्झॉस्ट इतकी ठेवा" असं आकडे देऊन सांगा, आणि मोजताना शेजारी उभे राहा. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही. गेज नसलेल्या ठिकाणी हे काम देऊ नका.